सुगम्यतेचा दाखला : इमारत सर्वांसाठी खुली आहे, हे कोण ठरवते?

अपंगत्वाच्या सवलती मिळवायच्या असतील, तर संबंधित व्यक्तीला प्रथम आपले अपंगत्व सिद्ध करावे लागते. शासकीय रुग्णालयात तपासणी होते, टक्केवारी ठरते आणि मग प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हाती पडते. ती व्यक्ती ज्या इमारतीच्या पायऱ्यांपाशी अडते, त्या इमारतीची मात्र अशी कसून तपासणी क्वचितच होते. व्हीलचेअरवरील माणूस आत जाऊ शकतो का, अंध व्यक्तीला जिना आणि उद्वाहन सापडते का, कर्णबधिर कामगाराला धोक्याची सूचना कळते का, या प्रश्नांची उत्तरे मोजून घेऊन दिलेला दाखला म्हणजे सुगम्यतेचे प्रमाणपत्र. असा दाखला देण्याची जबाबदारी भारतीय कायद्याने नेमकी कोणत्या टप्प्यावर टाकली आहे, त्यात काय मोजायचे असते आणि तो कागदावरच का राहतो, याची माहिती प्रत्येक नागरिकाला असणे आवश्यक आहे.

पालघर तालुक्यातील बेटेगावसारख्या गावासाठी हा विषय विशेष निकडीचा आहे. बोईसरला लागून, बोईसर-चिल्हार मार्गावर वसलेले हे गाव एका बाजूला तारापूर औद्योगिक क्षेत्राशी आणि दुसऱ्या बाजूला नव्या गृहसंकुलांशी जोडले गेले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, पालघर-बोईसर मार्गावर कोळगाव येथे जिल्हा मुख्यालय उभे राहिले आणि मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेच्या बारा स्थानकांत बोईसरचा समावेश झाला. या पट्ट्यात आज जे बांधले जात आहे, ते पुढील पन्नास वर्षे वापरले जाणार आहे. जी चूक आज नकाशावर खोडरबराने दुरुस्त होऊ शकते, तीच उद्या काँक्रीट फोडून दुरुस्त करावी लागेल.

सुगम्यता म्हणजे केवळ रॅम्प नव्हे

सुगम्य इमारत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रवेशद्वारापाशी असलेला रॅम्प येतो. वास्तविक सुगम्यता ही साखळी आहे. रस्त्यावरून आवारात येणे, वाहन उभे करणे, दारापर्यंत पोहोचणे, दार उघडणे, चौकशी खिडकीशी बोलणे, वरच्या मजल्यावर जाणे, स्वच्छतागृह वापरणे आणि संकटकाळी सुखरूप बाहेर पडणे या तिच्या कड्या होत. यातील एक कडी तुटली तरी बाकीच्यांचा उपयोग उरत नाही. रॅम्प आहे, पण कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन नाही. स्वच्छतागृह आहे, पण त्याचे दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद आहे, अशा इमारतीला सुगम्य म्हणता येत नाही.

याचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत घडले. खार येथील विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला उद्वाहन नव्हते. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणीला स्वतःच्या विवाहाच्या नोंदणीसाठी उचलून वर न्यावे लागले. प्रकरण गाजल्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. शासनाच्याच सेवेसाठी नागरिकाला उचलून न्यावे लागणे ही गोष्ट राज्याच्या राजधानीत घडली, हे ध्यानात घेतले म्हणजे तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवर तपासणीची किती गरज आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अपंगत्वाचे प्रकारही अनेक आहेत. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांना मान्यता दिली. अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीला पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी हवी असते. अंध व्यक्तीला पायाला जाणवणाऱ्या उंचवट्याच्या फरशा हव्या असतात, ज्यात लांब रेघांची फरशी दिशा दाखवते आणि ठिपक्यांची फरशी थांबण्याचा इशारा देते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना सोपी चिन्हे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. वृद्ध, गरोदर स्त्रिया, पाय प्लॅस्टरमध्ये असलेले रुग्ण आणि कडेवर मूल घेतलेल्या माता यांनाही याच सोयी लागतात. त्यांची गणना या आकड्यांत नाही.

कायद्याचा प्रवास

अपंग व्यक्तींसाठीचा देशातील पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये संमत झाला व फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. सार्वजनिक इमारतींत रॅम्प, स्वच्छतागृहे, उद्वाहनात ब्रेल चिन्हे अशा सोयींचा त्यात उल्लेख होता. मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्दही त्यात होते आणि त्या शब्दांआड अनेक वर्षे निभावली गेली. १९९८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने अडथळाविरहित बांधकामासाठी मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात सुगम्यता हे राज्यसंस्थेचे कर्तव्य मानले आहे.

या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रमाणपत्राच्या दृष्टीने त्याचे कलम ४४ सर्वांत महत्त्वाचे आहे. सुगम्यतेच्या नियमांशी सुसंगत नसलेल्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, इमारत वापरातही येऊ देऊ नये, असे हे कलम सांगते. म्हणजे कायद्याने सुगम्यतेसाठी वेगळा शिक्का निर्माण केलेला नाही. आपल्या परिचयाच्या बांधकाम परवानगीलाच आणि पूर्णत्वाच्या दाखल्यालाच त्याने सुगम्यतेचे प्रमाणपत्र बनवले आहे. ही तरतूद सरकारी इमारतींपुरती नाही. सार्वजनिक वापराच्या खासगी इमारती, शाळा, दवाखाने, दुकाने, धार्मिक स्थळे आणि कामाच्या जागा यांचाही 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत समावेश आहे.

जुन्या इमारतींसाठी कलम ४५ आहे. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य कराव्यात, अशी मुदत त्यात आहे. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. तेव्हा सर्वसाधारण मुदत जून २०२२ मध्येच संपली. प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके आणि बसथांबे यांचा अग्रक्रम ठरवून कृती आराखडा प्रसिद्ध करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. कलम ८९ नुसार कायद्याच्या पहिल्या उल्लंघनास १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या उल्लंघनास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निर्णय

कायदा इतका स्पष्ट असूनही अंमलबजावणी का होत नाही, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दाखवून दिले. दृष्टिहीन असलेल्या रतुरी यांची याचिका २००५ पासूनची. २०१७ मध्ये न्यायालयाने तीत मुदती आखून निर्देश दिले होते. तरीही प्रगती तोकडी राहिली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांग अभ्यास केंद्राने न्यायालयाच्या सूचनेवरून परिस्थितीचा अहवाल सादर केला. त्यानंतरच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, कायद्याला बंधनकारक नियम अभिप्रेत आहेत, परंतु २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ केवळ मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो. सबब त्याचा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरला.

न्यायालयाने केंद्र सरकारला तीन महिन्यांच्या आत अनिवार्य किमान नियम वेगळे काढण्याचा आदेश दिला. ज्या बाबींत तडजोड नाही त्या एका बाजूला आणि ज्या टप्प्याटप्प्याने गाठायच्या त्या दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी. नियम न पाळल्यास पूर्णत्वाचा दाखला रोखणे व दंड करणे हे परिणाम प्रत्यक्षात घडले पाहिजेत, असेही निकालात स्पष्ट केले. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. 'असावे' या शब्दावर दाखला अडवता येत नाही. 'असलेच पाहिजे' या शब्दावर येतो.

बेटेगाव परिसरात दाखला कोण देतो?

या पट्ट्यातील एक व्यावहारिक अडचण अशी की, रस्ता ओलांडला की प्राधिकरण बदलते. तारापूर औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे विशेष नियोजन प्राधिकरण असून तेथे महामंडळाची स्वतःची विकास नियंत्रण नियमावली चालते. त्याबाहेरच्या ग्रामीण भागात राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. तेथे परवानगीचा संबंध जिल्हाधिकारी आणि नगररचना विभागाशी येतो, तर गावठाणातील बांधकामांत ग्रामपंचायतीचाही सहभाग असतो. पालघर शहरात नगरपरिषद आहे. एकत्रिकृत नियमावली डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली आणि तिच्यात अडथळाविरहित प्रवेशासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. प्राधिकरण कोणतेही असो, कलम ४४ सर्वांनाच लागू आहे.

प्रत्यक्षात प्रक्रिया अशी चालते : वास्तुविशारद आराखडा सादर करतो, तो मंजूर होतो, बांधकाम पूर्ण झाल्यावर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता तसे प्रमाणित करतो आणि पाहणीनंतर प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते. आराखड्यात रॅम्प बहुधा असतो. तो ठरलेल्या उताराचा बांधला गेला का, त्याच्या तोंडाशी नंतर पायरी आली का, स्वच्छतागृहाचे भांडारघर झाले का, हे पाहण्याची अखेरची संधी भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीच असते. ती हुकली की इमारत वापरात येते आणि तक्रारींचा लांबचा मार्ग सुरू होतो.

काय मोजतात?

सुगम्यतेच्या तपासणीत 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर पुरेसे नसते. मोजपट्टी लावावी लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०२१ मध्ये सुधारलेली एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आधारभूत मानली जातात. त्यांतील काही मुख्य मोजमापे सर्वसामान्य वाचकालाही सहज तपासता येतात.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १ फूट चढण्यासाठी किमान १२ फूट लांबी हवी. उंची अधिक असेल, तर उतार याहूनही सौम्य ठेवतात. पालघर जिल्ह्यात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने इमारतींची जोती उंच ठेवण्याची रीत आहे. जोते ४५० मिलिमीटर उंच असेल, तर रॅम्पची लांबी किमान ५.४ मीटर लागेल. ६०० मिलिमीटर असेल, तर ७.२ मीटर. जागा नाही म्हणून हाच रॅम्प दोन मीटरांत उरकला, तर उतार जवळपास १:३ होतो. अशा रॅम्पवरून दुचाकी चढते, व्हीलचेअर चढत नाही. उतरताना ती उलटण्याचाच धोका असतो. म्हणून रॅम्पची जागा जोत्याची उंची ठरवतानाच राखून ठेवली पाहिजे. रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडे हवेत, वर आणि खाली सपाट जागा हवी आणि पृष्ठभाग खरबरीत हवा. गुळगुळीत फरशी कोकणच्या पावसात कोणालाही पाडते.

दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी आणि उंबरठा नसावा. व्हीलचेअर वळवण्यासाठी १,५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. सुगम्य स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार अडकते. कमोडच्या बाजूला आधारदांडे आणि हाताला येईल अशी मदतीची घंटा असावी. अपंगांच्या वाहनासाठीची जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावी. उद्वाहनातील बटणे बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, ब्रेल अक्षरांसह असावीत आणि मजल्याची सूचना आवाजातही मिळावी.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे, ती म्हणजे धोक्याची सूचना. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी भोंगा हा जीव वाचवणारा इशारा असतो. पण तो कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी लुकलुकणारे दिवे हवेत. आग लागली की उद्वाहन वापरता येत नाही. अशा वेळी व्हीलचेअरवरील कामगाराने कोठे थांबायचे आणि त्याला कोण खाली आणणार, हे आधी ठरलेले असावे लागते. ज्या इमारतीत शिरता येते पण संकटात बाहेर पडता येत नाही, तिला सुगम्यतेचा दाखला देणे धोक्याचेच आहे.

लेखापरीक्षण आणि परदेशातील पद्धती

३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले. त्यात निवडक शहरांतील महत्त्वाच्या सरकारी इमारतींचे सुगम्यता लेखापरीक्षण करून घेण्यात आले. हे परीक्षण म्हणजे इमारतीची आरोग्य तपासणीच म्हणता येईल : परीक्षक मोजमापे घेतो, छायाचित्रे काढतो, त्रुटींची यादी करतो आणि उपाय व खर्च सुचवतो. चांगल्या परीक्षणात अपंग व्यक्ती स्वतः सहभागी असतात, कारण दाराचा जडपणा किंवा फरशीचा निसरडेपणा नकाशावर दिसत नाही. तथापि, अहवाल म्हणजे दाखला नव्हे. त्रुटी दूर झाल्या का, हे पाहण्यासाठी दुसरी भेट झाली नाही, तर अहवाल कपाटातच राहतो.

अन्य देशांनी ही दुसरी भेट पद्धतीत बसवली आहे. अमेरिकेत १९९० चा कायदा प्रामुख्याने तक्रारी आणि न्यायालये यांच्या बळावर चालतो. परंतु टेक्सास राज्यात ५० हजार डॉलरहून अधिक खर्चाच्या सार्वजनिक बांधकामांचे आराखडे नोंदणीकृत सुगम्यता तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात आणि काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष पाहणीही होते. सिंगापूरने १९९० मध्ये अडथळाविरहित बांधकामाची संहिता आणली आणि २०१२ पासून किमान नियमांपेक्षा अधिक करणाऱ्या इमारतींसाठी गौरवचिन्हही सुरू केले. कॅनडात व्हीलचेअरवरून जगप्रवास केलेल्या रिक हॅन्सन यांच्या प्रतिष्ठानाने इमारतींना गुण देऊन 'प्रमाणित' आणि 'सुवर्ण' असे दर्जे देणारी योजना आखली. या उदाहरणांतून एक क्रम दिसतो : आधी किमान अट आणि ती न पाळल्यास दाखला नाही, त्यानंतर उत्तम कामाला स्वेच्छेचे मानांकन. आपल्याकडे हरित इमारतींच्या मानांकनांतही सुगम्यतेला गुण मिळतात. परंतु ऐच्छिक गुण अनिवार्य दाखल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

रकाना भरला, काम राहिले

आपल्या व्यवस्थेचा खरा दोष 'रॅम्प आहे का? होय' या एका रकान्यात सामावला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीसाठी अडथळाविरहित प्रवेशाची अट आहे. शाळांच्या माहितीपत्रकात रॅम्पची नोंद होते. उताराची होत नाही. निवडणूक आयोगाने मतदान केंद्रांवरील किमान सुविधांत रॅम्पचा समावेश केला आहे. काही ठिकाणी मतदानाच्या दिवशी लाकडी रॅम्प येतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. शाळा तीच, पायऱ्या त्याच. मतदाराला एक दिवस मिळालेली वाट विद्यार्थ्याला वर्षभर मिळत नाही.

खर्चाची सबबही पुढे केली जाते. नव्या इमारतीत दार १५० मिलिमीटर रुंद करण्याचा किंवा स्वच्छतागृहाची भिंत नकाशावर थोडी सरकवण्याचा भार एकूण खर्चात नगण्य असतो. तेच काम नंतर करायचे तर तोडफोड, जलवाहिन्या आणि परवानग्या अशा सगळ्यांचा खर्च येतो. गावपातळीवर निधीचा मार्गही आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. ग्रामपंचायत कार्यालय, उपकेंद्र, अंगणवाडी यांच्या सुगम्यतेचा विचार गावाच्या विकास आराखड्यात करणे अवघड नाही.

नागरिकांना काय करता येईल?

घर घेणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र पाहतानाच मंजूर आराखड्याची प्रत मागावी आणि रॅम्प, उद्वाहन व दारांची मापे प्रत्यक्षाशी ताडून पाहावीत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवले असून, रॅम्प, उद्वाहन व रुंद दारांचा त्यांत समावेश आहे. वृद्ध आई-वडिलांसाठी घर पाहणाऱ्यांनी ते अवश्य तपासावेत. सरकारी इमारतीबाबत माहिती अधिकारात मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि असल्यास लेखापरीक्षणाचा अहवाल मागता येतो. ग्रामसभेत गावातील सार्वजनिक इमारतींच्या पाहणीचा ठराव करता येतो. त्या पाहणीत गावातील अपंग व्यक्तींना सोबत घ्यावे. छायाचित्रासह तक्रार नोंदवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुगम्य भारत ॲप आणले. तक्रारीची दखल न घेतल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. चौकशीच्या कामी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

मोजपट्टी आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन एखादी इमारत तपासायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. बेटेगाव-बोईसर पट्ट्यात अनेक इमारतींची भोगवटा प्रमाणपत्रे अद्याप व्हायची आहेत. त्या प्रत्येक प्रमाणपत्रावर सही होण्यापूर्वी हा एक तास खर्ची पडला, तर कलम ४४ चा हेतू बऱ्याच अंशी साध्य होईल. अन्यथा ज्यांच्याजवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे, त्यांना ते दाखवायला लागणाऱ्या खिडकीपर्यंतच पोहोचता येणार नाही.